रात्रभर रेंडर झेलतो, सकाळी रिकामा असताना रीस्टार्ट होतो

"मामा, परत झालं." सकाळी पावणेसातला ऐरोलीहून भाच्याचा फोन. रात्री दहाला लावलेलं रेंडर (दृश्याचं अंतिम चित्र तयार करण्याचं काम) पहाटे पाचला नीट संपलं होतं. सात तास प्रोसेसरचे आठही कोअर, म्हणजे त्यातले गणित करणारे भाग, शंभर टक्क्यांवर चालले, एकदाही कुरकूर नाही. हा उठला, चहाचा कप घेऊन बसला, ब्राउझरमध्ये बातम्या उघडल्या आणि स्क्रीन काळी. निळा पडदा नाही, एरर नाही. दोन सेकंदांनी मदरबोर्डचा लोगो. आठवड्यात चौथ्यांदा.

ही तक्रार मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. वागळे इस्टेटमधल्या एका मित्राचं मशीन असंच वागायचं, मानपाड्याच्या एका शेजाऱ्याचंही. भाराखाली टिकतो, मोकळा असताना पडतो. आणि जवळपास प्रत्येकाने रेंडर पार पडलं म्हणजे प्रोसेसर पक्का, असं धरून दोष दुसरीकडे शोधलेला असतो. कुणी रॅम बदलली, कुणी विंडोज नव्याने टाकलं, एकाने चांगला चालणारा पॉवर सप्लाय काढून नवा आणला. पैसे गेले, रीस्टार्ट राहिला. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं मशीन रिकामं असताना बंद पडत असेल, तर आधी हलक्या भाराखालची अस्थिरता तपासा, आणि कोणता कोअर पडतोय हे मशीनलाच विचारा. ते बहुतेक वेळा सांगतं.

भाच्याचं मशीन असं: एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ३२ जीबी डीडीआर४-३६०० रॅम, एक जाडजूड टॉवर कूलर. एका व्हिडिओत बघून त्याने बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, पीबीओ (प्रोसेसरच्या मर्यादा सैल करणारी एएमडीची सोय) चालू केलं होतं, पॉवरच्या मर्यादा मदरबोर्डवर सोडल्या होत्या, बूस्ट ओव्हरराइड, म्हणजे कमाल वेगातली वाढ, अधिक २०० मेगाहर्ट्‌झ दिला होता आणि व्होल्टेज कमी करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना सरसकट मायनस ३०. व्हिडिओत सांगितलं होतं की सगळ्यांचं चालतं.

मी त्याला फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती सेटिंगची नव्हती. "आधी तुझं काम दुसऱ्या डिस्कवर उतरव, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेव." अस्थिर प्रोसेसर फक्त रीस्टार्ट होत नाही. तो कधीकधी चुकीचं गणित करतो आणि चुकीचंच उत्तर फाइलमध्ये लिहून मोकळा होतो. ते तेव्हा कळत नाही. तीन महिन्यांनी झिप उघडत नाही, प्रोजेक्टमधलं एक टेक्स्चर तुटकं निघतं, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच खराब प्रत गेलेली असते. ज्या मशीनवर घर चालतं, त्यावर हे प्रयोग करायचे तर हा बॅकअप आधी. यात मी कुणालाच सूट देत नाही.

मग लॉग. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जखाली सिस्टिम, आणि रीस्टार्टच्या वेळेच्या आसपास बघा. तिथे लाल खुणेची एक नोंद हमखास दिसते: कर्नेल-पॉवर, क्रमांक ४१. ती बघून लोक थेट पॉवर सप्लायवर जातात, कारण नावात पॉवर आहे. ४१ एवढंच सांगतं की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं. तुम्ही चालू मशीनचा प्लग उपटलात तरी ४१ येईल.

शोधायची ती नोंद डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), क्रमांक १८. प्रोसेसरला स्वतःमध्ये न सावरता येणारी चूक सापडली की तो मशीन चेक एक्सेप्शन देतो आणि मशीन तत्काळ रीसेट होतं. निळा पडदा काढायलाही वेळ मिळत नाही, म्हणून स्क्रीन नुसती काळी होते. पुढच्या बूटला विंडोज ती चूक नोंदवतं. नोंद उघडली की खाली एक ओळ असते, प्रोसेसर एपीआयसी आयडी, आणि तिच्यासमोर एक आकडा. भाच्याच्या चार रीस्टार्टपैकी तीन नोंदींत हा आकडा ४ होता, एकीत १०.

५८००एक्समध्ये आठ कोअर आणि सोळा थ्रेड (कामाच्या रांगा) आहेत, एका कोअरचे दोन, आणि तो आकडा थ्रेडचा असतो. तेव्हा आकड्याला दोनाने भागायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं. ४ किंवा ५ म्हणजे कोअर २. १० किंवा ११ म्हणजे कोअर ५. ही मोजणी शून्यापासून आहे. बायोसचं कर्व्ह ऑप्टिमायझर सहसा शून्यापासून मोजतं, पण काही सॉफ्टवेअर एकपासून मोजतात, आणि तिथे गफलत होऊन भलत्याच कोअरचं सेटिंग बदललं जातं. वागळे इस्टेटच्या मित्राने याच चुकीपायी दोन आठवडे घालवले. चिपलेट (कोअर असलेला सिलिकॉनचा तुकडा) दोन असलेल्या मोठ्या प्रोसेसरांत, म्हणजे ५९००एक्ससारख्यात, हे आकडे सलग नसतात, मध्ये फट असते. तिथे नुसत्या भागाकारावर विसंबू नका.

"म्हणजे मामा, कोअर २ खराब आहे?" त्याचा आवाज उतरला होता. नाही. बहुतेकदा उलटच असतं, तो सगळ्यात चांगल्यांपैकी एक असतो. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आजचे प्रोसेसर स्वतःच स्वतःला क्षणाक्षणाला वर-खाली करत असतात. आठही कोअर जुंपले की वीज आणि उष्णता यांची मर्यादा लागते. तेव्हा ५८००एक्स साधारण साडेचार गिगाहर्ट्‌झच्या आसपास धावतो आणि व्होल्टेजही मध्यम असतं. तिथे त्याच्याकडे उरलेली ताकद बरीच असते. उलट तुम्ही नुसती बातमी उघडलीत, तर काम एका कोअरपुरतं असतं. मर्यादा दूर असते, चिप थंड असते, आणि तो एकटा कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या टप्प्यावर उडी मारतो. ५८००एक्सच्या खोक्यावर कमाल ४.७ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो ४.८५पर्यंत जातो. वर अधिक २०० दिले की ५.०५. प्रोसेसरची खरी परीक्षा त्या टोकाला असते, आणि रात्रभराच्या रेंडरमध्ये तो त्या टोकाला जातच नाही.

आता कर्व्ह ऑप्टिमायझर काय करतं? कोणत्या वेगाला किती व्होल्टेज, हा कारखान्याने ठरवलेला आलेख ते खाली सरकवतं. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. मायनस ३० म्हणजे जवळपास ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात. आणि जे कोअर मुळात उत्तम, त्यांना कारखान्यानेच कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. त्यांच्या आलेखात काढून घेण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. शिवाय विंडोज हलकं काम आधी याच कोअरकडे पाठवतं, कारण ते वेगवान. म्हणजे सरसकट मायनस ३० लावलं की सगळ्यात तंगी ज्याच्याकडे, त्यालाच सगळ्यात वर उडी मारायला सांगितल्यासारखं होतं. तो पडणारच.

सकाळीच का, याचंही उत्तर यात आहे. चिप जितकी गार तितकी ती वरच्या वेगाला जास्त वेळा जाते. डिसेंबरच्या पहाटे ऐरोलीत खाडीवरून गार वारा येतो, खोली बावीस-तेवीस अंशांवर असते, मशीन तासभर मोकळं पडलेलं असतं. अशा वेळी हा एक क्लिक करतो आणि कोअर २ थेट शिखरावर. उन्हाळ्यात दुपारी तेच मशीन कदाचित पडलंही नसतं.

त्या रविवारी मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. ऐरोली दिघा गावनंतरचंच स्टेशन, पण पाठीवरच्या पिशवीत थर्मल पेस्ट, स्क्रू ड्रायव्हर, एक पेन ड्राइव्ह आणि दोनशे पानी वही होती. त्यातली वहीच सगळ्यात उपयोगी पडली.

पहिलं काम, सगळं मूळ अवस्थेत आणणं. बायोसमध्ये लोड डिफॉल्ट्स. रॅमचं एक्सएमपीही (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद, कारण एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, नाव वेगळं एवढंच. ५८००एक्सला एएमडीने अधिकृत आधार डीडीआर४-३२०० पर्यंत दिला आहे, ३६०० ही आपली हौस. अशा पूर्ण मूळ सेटिंगवर मशीन चार-पाच दिवस रोजच्यासारखं वापरायचं. तरीही रीस्टार्ट झालं, तर ओव्हरक्लॉकिंगला दोष देऊ नका. मग पॉवर सप्लाय, रॅमची कांडी, बोर्ड किंवा भिंतीतली वीज यांपैकी काहीतरी आहे. नाही झालं, तर प्रश्न आपणच घातलेल्या सेटिंगमध्ये आहे. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, कारण हळू मशीनवर पाच दिवस काढायला जिवावर येतं. भाच्यालाही आलं. पण त्याने काढले, आणि एकही रीस्टार्ट झाला नाही.

मग फक्त एक्सएमपी चालू. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार फेरे, रात्रभर. शून्य चुका. लॉगमध्ये डब्ल्यूएचईएची क्रमांक १९ ची नोंदही नाही. १९ म्हणजे सावरता आलेली चूक. या पिढीत रॅम आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या भागांना जोडणारी आतली वाट) जास्त ताणलं की १९ च्या रांगाच्या रांगा लागतात. ३६०० रॅमबरोबर फॅब्रिक १८०० ला एकास एक चालतं आणि ते बहुतेक चिपना झेपतं. १९०० च्या वर नेण्याचा हट्ट करू नये असं माझं मत आहे. मिळतं थोडं, डोकेदुखी मोठी.

रॅम निर्दोष ठरल्यावरच प्रोसेसर हाती घेतला. बूस्ट ओव्हरराइड शून्य. पीबीओच्या मर्यादा मदरबोर्डवर न सोडता हाताने भरल्या: पीपीटी (एकूण वीज) १४२ वॅट, टीडीसी (सततचा प्रवाह) ९५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक प्रवाह) १४०. हे या चिपचे मूळचेच आकडे आहेत. मदरबोर्डवर सोडलं की काही बोर्ड भलतेच मोठे आकडे लावतात आणि मग नुसती उष्णता वाढते. कर्व्ह सगळ्यांना मायनस १५.

आता चाचणी. इथे सगळे कोअर एकदम जुंपणाऱ्या चाचण्या, म्हणजे सिनेबेंच, ब्लेंडर, सगळ्या कोअरवरचं प्राइम९५, काही उपयोगाचं नाही. कोअरसायकलर नावाचं एक फुकट स्क्रिप्ट आहे. ते प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवतं, काही मिनिटांनी पुढच्या कोअरवर जातं. मुळातच त्यात हलक्या सूचनांचा प्रकार निवडलेला असतो, जेणेकरून तो एकटा कोअर जास्तीत जास्त वेग गाठेल. अवजड एव्हीएक्स सूचनांचा प्रकार लावलात तर वेग खाली येईल आणि चाचणी पुन्हा फसवी होईल. एखाद्या कोअरचं गणित चुकलं तर स्क्रिप्ट तसं नोंदवतं. मशीनच रीस्टार्ट झालं तर लॉग फाइलची शेवटची ओळ बघा, त्या वेळी कोणता कोअर चालू होता ते तिथे असतं.

पहिल्या रात्री कोअर २ चाळीस मिनिटांत पडला. कोअर ५ पहाटे. बाकी सहा सकाळपर्यंत टिकले. कोअर २ मायनस १५ वरून मायनस १०, कोअर ५ मायनस १२. दुसऱ्या रात्री कोअर २ पुन्हा, या वेळी पाच तासांनी. त्याला मायनस ६. तिसरी रात्र पार. मग जे टिकत होते त्यांना तीन-तीन पायऱ्यांनी खाली उतरवत नेलं. वहीत प्रत्येक रात्रीची एक ओळ: तारीख, झोपताना खोलीचं तापमान, कोणता कोअर, किती मायनस, किती वेळ टिकला. एका वेळी एकाच दिशेचा बदल. सहा गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन टिकलं, तर कशामुळे टिकलं ते कळत नाही. पडलं, तर कशामुळे पडलं तेही नाही.

अकरा रात्री लागल्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण व्हिडिओत हे काम दहा मिनिटांत झालेलं दिसतं. शेवटी कोअर २ मायनस ६, कोअर ५ मायनस १०, बाकी सगळे मायनस १८ ते मायनस २५ यांच्या दरम्यान स्थिरावले. जो आकडा रात्रभर टिकला, त्यापासून आणखी दोन पायऱ्या मागे येऊन थांबलो. ते दोन पायऱ्यांचं अंतर सोडू नका. त्यात वेग जवळजवळ काहीच जात नाही, झोप मात्र येते.

त्यानंतर एक आठवडा नुसता वापर. स्लीपमध्ये घालून उठवणं, व्हिडिओ अर्ध्यात थांबवणं, मशीन रिकामं सोडून जेवायला जाणं. कोअरसायकलर पास होऊनही स्लीपमधून उठताना पडणारं मशीन मी पाहिलंय. बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल असा एक पर्याय असतो. तो टिपिकल करंट आयडल केला की अगदी कमी भाराला डळमळणाऱ्या जुन्या पॉवर सप्लायबरोबरचे रीस्टार्ट थांबतात. पण हा उपाय मूळ सेटिंगवरही रीस्टार्ट होत असतील तरच करावा. नाहीतर कर्व्हचा दोष झाकला जातो आणि दोन महिन्यांनी पुन्हा वर येतो.

मी जाण्याआधी भाच्याने स्वतःच्या अकलेने दोन उपाय केले होते. दोन्ही अनेकजण करतात, म्हणून त्यांविषयी बोलतो. एक, सगळ्या प्रोसेसरला अधिक व्होल्टेजचा ऑफसेट. दुसरा, लोडलाइन कॅलिब्रेशन सगळ्यात वरच्या पातळीवर.

व्होल्टेज वाढवलं की पडणं थांबू शकतं, खरं आहे. पण किंमत बघा. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा वेग ४.५ वरून ४.७ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ लागलं. वेग वाढला साडेचार टक्क्यांच्या आसपास, वीज वाढली जवळपास बावीस टक्के. ही सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ५८००एक्समध्ये आठही कोअर जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यात आहेत. करंगळीच्या नखाएवढी जागा. कूलर कितीही मोठा आणा, त्या नखातून उष्णता बाहेर निघायलाच वेळ लागतो.

व्होल्टेजबाबत एक भीती मात्र अनाठायी आहे. मूळ सेटिंगवर हलक्या भाराला १.४५ किंवा त्याहून थोडं वर दिसलं की लोक घाबरून फोन करतात. ते ठीक आहे. तेव्हा प्रवाह अगदी कमी असतो आणि चिप क्षणभरच तिथे असते. धोका उलट्या बाजूने आहे: तोच आकडा बघून "कंपनीच १.४५ देते" असं म्हणत सगळ्या कोअरना कायमचं १.४५ लावणं. पूर्ण भाराला, पूर्ण प्रवाहाला, तासन्‌तास. असं केलेल्या चिप हळूहळू झिजतात. आधी ४.७ झेपायचा, मग ४.६, मग मूळ वेगही धड नाही. ते नुकसान भरून येत नाही. आणि पीबीओमुळे झालेलं नुकसानही एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे बटण दाबताना समोर आलेल्या सूचनेतच लिहिलेलं असतं.

लोडलाइन कॅलिब्रेशनचं असं, की भार आला की प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं खाली येतं, आणि हे खाली येणं मुद्दाम ठेवलेलं आहे. भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं, त्या उसळीला जागा हवी म्हणून. लोडलाइन सगळ्यात वर नेली की ते खाली येणं थांबतं, पण उसळी वर जाते. हलकं काम म्हणजे भार सतत येणं आणि सुटणं. म्हणजे ज्या दुखण्यावर हा उपाय केला, त्यातच उसळ्या वाढवल्या. पीबीओ वापरत असाल तर लोडलाइन ऑटोवर ठेवा.

डिसेंबरात लागलेली घडी एप्रिलपर्यंत सुरळीत चालली. मग दुसरा प्रश्न आला, पडण्याचा नव्हे, तापण्याचा. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं, कारण कूलर हवेपेक्षा गार करूच शकत नाही. जानेवारीत ७८ वर असणारं रेंडर मेमध्ये ८९ वर गेलं. ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे, तिथे तो स्वतःच वेग कमी करतो. जळत नाही, पण पंखा किंचाळतो आणि खोली भट्टी होते.

मी कॅबिनेटची पुढची जाळी काढली तर आत राखाडी वाकळ होती. अक्षरशः वाकळ. बोटाने धरून उचलली तर एका तुकड्यात निघाली, जाळीच्या चौकटीचा आकार घेऊन. आमच्याकडे घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ, त्याच्याकडे रस्त्याची आणि एमआयडीसीकडची. त्याचं मशीन टेबलाच्या लाकडी कप्प्यात होतं, तीन बाजूंनी बंद, मागे भिंत चार बोटांवर. बाहेर पडलेली गरम हवा तोच पंखा परत आत ओढत होता. जाळी धुतली, मशीन कप्प्यातून काढून टेबलावर ठेवलं: सहा अंश कमी. पेस्ट बदलली: दोन अंश. पीपीटी १४२ वरून १२० केलं: आणखी पाच. त्याच दृश्याचं रेंडर ६१ मिनिटांचं ६३ मिनिटांवर गेलं. दोन मिनिटं देऊन एवढी शांतता मिळत असेल तर मी दरवेळी घेईन. एप्रिल ते जून पीपीटी १२०, नोव्हेंबरपासून पुन्हा १४२, असं त्याच्या वहीत आता लिहून ठेवलेलं आहे. आमच्याकडचा उन्हाळा गृहीत न धरता केलेलं ओव्हरक्लॉकिंग अर्धवटच म्हणायचं.

आणि जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, पुन्हा फोन. "मामा, परत सुरू झालं. सकाळीच. रिकामा असतानाच."

या वेळी मी गाडी पकडली नाही, लॉगचा फोटो मागवला. कर्नेल-पॉवर ४१ होतं. डब्ल्यूएचईए १८ एकही नव्हती. तीन रीस्टार्ट, तिन्ही सहा ते सव्वासहाच्या दरम्यान. लक्षण तेच, पण प्रोसेसरने या वेळी तक्रारच केलेली नव्हती. म्हणजे त्याला कुणीतरी बाहेरून बंद केलं होतं.

"सहाला तुमच्याकडे काय चालू होतं?" तो थांबला, मग म्हणाला, "पाण्याचा पंप." इमारतीचा पंप सुरू होताना क्षणभर दाब उतरतो, ट्यूबलाइट मिचकते. चांगला पॉवर सप्लाय अशी सोळा-सतरा मिलिसेकंदांची खोट पोटात घेतो. पण त्याने मशीन टेबलावर हलवताना जुन्या एक्स्टेंशन बोर्डमध्ये लावलं होतं, आणि त्यातला प्लग हाताने हलवला की हलत होता. पत्रे सैल झालेले, आत काळपट डाग. पंपाचा उतार आणि सैल जोड मिळून मशीन बंद. तो बोर्ड त्या दिवशीच फेकायला लावला, कारण सैल जोड नुसतं मशीन बंद करत नाही, घर पेटवू शकतो. प्लग थेट भिंतीत, मध्ये यूपीएस. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट वेगळे आहेत हे बघा. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही रेंडरला लागले की तो ओव्हरलोड होऊन स्वतःच मशीन बंद करील, आणि नवं कोडं उभं राहील. त्याला १००० व्हीएचा घ्यायला लावला.

त्या वेळी त्याने घाईने कर्व्ह आणखी मागे घेतला असता, तर अकरा रात्रींचं काम वाया गेलं असतं आणि पंप सहाला सुरू होतच राहिला असता.

तुमचा प्रोसेसर दुसरा असेल तर दोन गोष्टी. इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि मूळ सेटिंगवरही मशीन पडत असेल, तर ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला जाऊच नका. त्या चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोस अपडेटमधून दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. तेव्हा तो वॉरंटीचा मामला आहे. रायझन ७००० मालिकेत एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ च्या वर जाऊ देऊ नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये ७८००एक्स३डी जळाल्याची उदाहरणं पुढे आल्यावर एएमडीनेच ती मर्यादा घातली. तेव्हाचं जुनं बायोस अजून असेल तर आजच बदला.

बायोस बदललं की मात्र कर्व्हचे सगळे आकडे पुसले जातात, आणि जुन्या आवृत्तीत साठवलेलं प्रोफाइल नवी आवृत्ती बहुतेकदा घेत नाही. भाच्याने ऑगस्टमध्ये अपडेट केलं तेव्हा वहीतलं पान समोर ठेवून आठ आकडे हाताने भरले, कोअर २ पासून सुरुवात करून, आणि त्या रात्री कोअरसायकलर पुन्हा एकदा लावूनच झोपला.